पोटातील बिऱ्हाडकरू

पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस कपाटात पडून राहिलेली चामड्याची चप्पल बाहेर काढली, की तिच्यावर हिरवट-पांढरी लव उगवलेली दिसते. शिळ्या भाकरीवर, ओल आलेल्या भिंतीवर, लोणच्याच्या बरणीच्या कडेला हीच लव आढळते. तिला आपण बुरशी म्हणतो, नाक मुरडतो आणि फडक्याने पुसून टाकतो. परंतु ज्या बुरशीस आपण घराबाहेर घालवू पाहतो, तिचेच कितीतरी भाऊबंद आपल्या पोटात बिऱ्हाड थाटून बसलेले आहेत, असे सांगितले तर तुम्हांस खरे वाटेल काय? ही गोष्ट अगदी खरी आहे. निरोगी माणसाच्या तोंडात, घशात व आतड्यांत बुरशीच्या अनेक जाती वास करून असतात. त्या दिसत नाहीत, दुखत नाहीत, खुपत नाहीत. बहुतेकांच्या घरी हे बिऱ्हाडकरू जन्मभर गुण्यागोविंदाने नांदतात. क्वचित मात्र हेच बिऱ्हाडकरू मालकावर उलटतात, आणि मग त्याचा जीव धोक्यात येतो. असे का व्हावे, याचा शोध घेण्यात शास्त्रज्ञांची कित्येक वर्षे खर्ची पडली आहेत.

प्रथम बुरशी म्हणजे काय ते पाहू. ‘गुरुजी, बुरशी हे झाड की प्राणी?’ असा प्रश्न वर्गात हमखास विचारला जाई. पूर्वीचे शास्त्रज्ञ तिला वनस्पतींत गणीत. परंतु बुरशीला हिरवे पान नाही आणि सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न करण्याची विद्याही तिला अवगत नाही. १९६९ साली रॉबर्ट व्हिटाकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिला वनस्पती व प्राणी यांहून वेगळ्या अशा स्वतंत्र सृष्टीचा मान दिला. पुढे तर असे दिसून आले, की बुरशीचे नाते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशीच अधिक जवळचे आहे. हे नाते तुम्ही ध्यानात ठेवा. औषधांची गोष्ट निघेल तेव्हा ते आपणांस उपयोगी पडणार आहे.

बुरशीचे काही प्रकार धाग्यांसारखे वाढतात. काही मात्र सुट्या, वाटोळ्या पेशींच्या रूपाने राहतात. या दुसऱ्या प्रकारास यीस्ट किंवा किण्व असे म्हणतात. पाव फुगतो तो यीस्टच्या कर्तबगारीने. गोव्यातील पोदेर पूर्वी माडाच्या सुरेने पीठ आंबवीत, कारण त्या सुरेत यीस्ट आयतेच असे. यीस्टची पेशी इतकी लहान, की सुमारे दोनशे पेशी एका रांगेत मांडल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. तरीही आतड्यांतील जिवाणूंच्या मानाने ती पेशी म्हणजे हत्तीच म्हणावयाची. एका यीस्टपेशीत शंभरएक जिवाणू सहज सामावतील.

संख्येने मात्र हे हत्ती फारच थोडे आहेत. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. त्यांतील बहुतेक सारे मोठ्या आतड्यात असतात. या अफाट गर्दीत बुरशीचा वाटा हजारात एकाहूनही कमी भरतो. म्हणूनच की काय, जिवाणूंचा अभ्यास जोरात चालू असता या अल्पसंख्य रहिवाशांकडे फार काळ कोणाचे लक्ष गेले नाही. शिवाय आतड्यांत सापडलेली प्रत्येक बुरशी तेथलीच रहिवासी असते असेही नाही. काही जणी नुसत्या वाटसरू असतात. अन्नाबरोबर येतात व अन्नाबरोबर निघून जातात. २०१८ साली अमेरिकेत काही थोड्या निरोगी माणसांवर एक साधा प्रयोग करण्यात आला. त्यांच्या आहारातून पावाचे यीस्ट असलेले पदार्थ वगळले, तेव्हा त्यांच्या मळातील त्या यीस्टचे प्रमाण घटले. त्यांना दात अधिक वेळा व काळजीपूर्वक घासावयास लावले, तेव्हा दुसरी एक बुरशी कमी झाली. ती तोंडात राहून लाळेबरोबर पोटात उतरत होती! दात घासण्याचा आणि आतड्यांचा असा संबंध असेल, हे आमच्या पिढीतील कोणा शिक्षकाच्या स्वप्नातही आले नसते.

पोटात शिरलेली बुरशी रोग कसा उत्पन्न करते, हे प्रथम ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याने ते माणसाच्या पोटात पाहिले नाही, तर पाण्यातील एका क्षुद्र जीवाच्या पोटात पाहिले. तळ्याच्या पाण्यात पाणपिसू नावाचा एक इवलासा प्राणी असतो. त्याचे शरीर काचेसारखे पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, की जिवंतपणीच त्याच्या आतील सारा व्यवहार दिसतो. एली मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने या पाणपिसवांचे निरीक्षण चालविले होते. त्यांतील काही पिसवा आजारी पडून दुधाळ दिसू लागत व मरत. त्यांच्या पोटात एक प्रकारच्या यीस्टचे सुईसारखे टोकदार बीजाणू अन्नाबरोबर जात. या सुया आतड्याची भिंत भेदून शरीराच्या पोकळीत घुसत. आणि मग मेचनिकॉव्हला एक अद्भुत देखावा दिसला. पिसवेच्या शरीरातील फिरत्या पेशी चहूकडून धावून येत, त्या सुईला गराडा घालीत आणि तिला गिळून तिचे तुकडे करीत! या पेशींची सरशी झाली, तर पिसू वाचे. बीजाणू पुष्कळ असले व त्यांना रुजण्यास अवसर मिळाला, तर बुरशी शरीरभर पसरे व पिसू मरे. १८८४ साली मेचनिकॉव्हने हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही अशाच भक्षक सैनिकांचे काम करतात, हे त्याने जगास पटवून दिले. या कार्याबद्दल १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिख या शास्त्रज्ञाबरोबर विभागून मिळाले. एका पिसवेच्या पोटदुखीतून केवढे शास्त्र जन्मास आले पाहा!

आता माणसाकडे वळू. आपल्या अन्नमार्गातील बुरशींत सर्वांत प्रसिद्ध, किंवा कुप्रसिद्ध म्हणा, ती ‘कँडिडा अल्बिकन्स’ होय. तिच्या नावाची कथा मौजेची आहे. प्राचीन रोममध्ये अधिकाराच्या जागेसाठी उभे राहणारे लोक चकचकीत पांढरा झगा घालून फिरत. पांढऱ्यास त्यांच्या भाषेत ‘कँडिडा’ म्हणत. निवडणुकीच्या उमेदवारास इंग्रजीत ‘कँडिडेट’ म्हणतात, ते यावरूनच. ‘अल्बिकन्स’ याचाही अर्थ ‘पांढरी होत जाणारी’ असाच. म्हणजे बारसे करणाऱ्यांनी तिला एकाच नावात दोनदा पांढरी म्हटले आहे. तान्ह्या मुलाच्या जिभेवर कधी कधी दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे चट्टे दिसतात. ते बहुधा हिचेच असतात.

१८३९ साली लांगेनबेक या जर्मन वैद्याला विषमज्वराच्या एका रुग्णाच्या अन्नमार्गात अशीच बुरशी दिसली. त्याने तर्क केला, की विषमज्वर हिच्यामुळेच होत असावा. तर्क चुकला. विषमज्वर एका जिवाणूमुळे होतो, हे पुढे सिद्ध झाले. बुरशी तेथे होती हे खरे, पण ताप तिने आणला नव्हता. तापाने देह दुबळा झाला म्हणून तिचे फावले होते. रोग्याच्या ठिकाणी जे सापडेल तेच रोगाचे कारण, असे समजण्याचा मोह मोठमोठ्यांनाही आवरत नाही.

मग एरवी ही बुरशी शांत का राहते? तिच्यावर तीन पहारे असतात. पहिला पहारा शेजारच्या जिवाणूंचा. ते जागा व अन्न अडवून ठेवतात आणि बुरशीस न मानवणारी आम्ले तयार करतात. दुसरा आतड्याच्या अस्तराचा व त्यावरील बुळबुळीत थराचा. तो तिला आत शिरू देत नाही. तिसरा पांढऱ्या पेशींचा, ज्यांचा पराक्रम मेचनिकॉव्हने पाहिला. हे पहारे शाबूत असले, की कँडिडा वाटोळ्या पेशींच्या रूपात निमूट पडून राहते. ते ढिले पडले, की तिचे रूप पालटते. वाटोळ्या पेशींतून लांब तंतू फुटतात आणि ते अस्तरात घुसू लागतात. एवढेच नव्हे, तर हे तंतू एक विष सोडतात व त्याने अस्तराच्या पेशींना छिद्रे पडतात. हे विष २०१६ साली ओळखण्यात आले व त्याला ‘कँडिडालायसिन’ असे नाव मिळाले. अत्यवस्थ रुग्णांत ही बुरशी आतड्यांतून रक्तात उतरते, आणि तसे झाले म्हणजे कुशल डॉक्टरांच्या हाताखालीही अनेक रुग्ण दगावतात.

पहारे ढिले पडण्याचे एक मोठे कारण खुद्द माणसानेच निर्माण केले, आणि तेही भल्या हेतूने. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन व त्यासारखी प्रतिजैविक औषधे प्रचारात आली. न्यूमोनिया, जखमांतील विषबाधा अशा भयंकर विकारांतून लक्षावधी माणसे वाचली. परंतु ही औषधे रोगाच्या जिवाणूंबरोबर आतड्यांतील निरुपद्रवी जिवाणूंनाही मारतात. बुरशीला मात्र त्यांचा काहीच उपसर्ग होत नाही. कारण पेनिसिलिन ज्या भिंतीवर घाला घालते, ती भिंत फक्त जिवाणूंच्या पेशीस असते. वाड्यातील बाकीचे बिऱ्हाडकरू एका रात्रीत निघून जावेत आणि एकाच कुटुंबाने साऱ्या खोल्या बळकवाव्यात, तसे होऊ लागले. न्यूमोनिया बरा झालेला रोगी तोंडातील व आतड्यांतील बुरशीने हैराण होऊ लागला. आणि बुरशीवर तर औषध नव्हते! ते शोधणे अवघड होते, कारण बुरशी आपली दूरची नातेवाईक. तिच्या पेशीची घडण आपल्या पेशीशी इतकी मिळतीजुळती, की तिला मारणारे विष आपल्यालाही मारावयाचे.

या अडचणीतून वाट काढली ती दोन स्त्रियांनी. एलिझाबेथ हेझन या न्यूयॉर्क शहरात राहून बुरशीचा अभ्यास करीत. त्यांचे आईवडील त्यांच्या अगदी लहानपणीच वारले होते व नातेवाइकांच्या घरी त्या वाढल्या होत्या. रेचेल ब्राउन या रसायनशास्त्रज्ञ सुमारे २४० किलोमीटर दूर, ऑल्बनी या गावी होत्या. दोघीही न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीस होत्या. मातीतील काही सूक्ष्म जीव बुरशीस मारक द्रव्ये तयार करतात, हे हेझनबाईंना ठाऊक होते. म्हणून त्या ठिकठिकाणची माती मिळवीत, तीतील जीव वाढवीत व ते कँडिडाशी झुंजतात काय ते पाहत. झुंजणारा जीव सापडला, की काचेच्या बरणीत घालून तो टपालाने ब्राउनबाईंकडे रवाना होई. ब्राउनबाई त्यातून मारक द्रव्य वेगळे काढीत व पुन्हा टपालाने परत पाठवीत. मग हेझनबाई ते उंदरांवर आजमावून पाहत. बहुतेक वेळा व्हावयाचे काय, की बुरशी मरे आणि उंदीरही मरे! कित्येक बरण्या अशा इकडून तिकडे गेल्या. टपालखात्याने त्यांतील एकही फोडू नये, अशी त्यांची धडधड किती झाली असेल, याची कल्पनाच करावी.

१९४८ साली हेझनबाई व्हर्जिनिया राज्यात आपल्या एका स्नेह्याच्या घरी गेल्या होत्या. तेथील गाईगुरांच्या शेतावरून त्यांनी चिमूटभर माती आणली. तीत एक अज्ञात जीव सापडला. त्याच्या द्रव्याने बुरशी मेली आणि उंदीर मात्र तरले. त्या शेतकऱ्याच्या नावावरूनच त्या जीवाचे नाव ठेवण्यात आले. १९५० साली हे औषध जाहीर झाले व न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्याला ‘निस्टॅटिन’ असे म्हणू लागले. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. आपल्या पेशींत त्या ठिकाणी कोलेस्टेरॉल असते. निस्टॅटिन या एका फरकावर नेम धरते आणि बुरशीच्या पडद्याची चाळण करते. ते पोटात घेतले तर रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. आतड्यांतील बुरशीसाठी तर हा गुणच ठरला.

या औषधाच्या हक्कापोटी १ कोटी ३० लाखांहून अधिक डॉलर मिळाले. दोघींनी त्यांतील एक पैसाही स्वतःसाठी घेतला नाही. सारी रक्कम विज्ञानाच्या संशोधनास देऊन टाकली. १९६६ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात नदीचा महापूर शिरला व अमोल चित्रे भिजून त्यांवर बुरशी चढू लागली, तेव्हा तीही याच निस्टॅटिनने आवरण्यात आली.

मातीतून बुरशीचे औषध काढण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास मातीतील एका जीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक मिळविले. त्या जीवास त्यांनी पिंपरी गावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. त्यामुळे पिंपरीचे नाव आता सूक्ष्म जीवांच्या शास्त्रीय यादीतही जाऊन बसले आहे.

औषध सापडले म्हणून प्रश्न सुटला असे मात्र नाही. अलीकडे शास्त्रज्ञ असे विचारू लागले आहेत, की रक्तात न उतरता, आतड्यांत राहूनच बुरशी काही जुनाट विकारांस हातभार लावीत असेल काय? क्रोन नावाचा एक रोग आहे. त्यात आतड्यास वारंवार सूज येते, व्रण पडतात, रोगी खंगत जातो. या रोग्यांपैकी पुष्कळांच्या रक्तात पावाच्या यीस्टविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, हे १९८० नंतरच्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे त्यांचे शरीर बुरशीशी लढत आहे खास. पण ती लढाई रोगाचे मूळ आहे की फळ, हे त्यावरून ठरत नाही. लांगेनबेकची गोष्ट आठवा.

म्हणून प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग झाले. पांढऱ्या पेशींपाशी बुरशी ओळखण्याची एक खूण असते. ती ज्या उंदरांत नव्हती, त्यांच्या आतड्यांचा दाह अधिक बळावला, आणि बुरशीनाशक औषध दिल्यावर तो कमी झाला. हे २०१२ सालचे. त्यावरून कोणी म्हणेल, ‘मग सरसकट सर्वांच्याच आतड्यांतील बुरशी मारून टाकावी.’ परंतु २०१६ साली शास्त्रज्ञांनी धडधाकट उंदरांना असेच औषध दीर्घकाळ दिले, तेव्हा त्यांचा दाह कमी होण्याऐवजी वाढला! जुना बिऱ्हाडकरू हाकलला, तर रिकाम्या खोलीत कोण येऊन राहील याचा नेम नसतो. मला तर हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असेच वाटते. एकटा वाचला तर दिशाभूल व्हावयाची.

माणसांच्या बाबतीत एक गोष्ट बरीच स्पष्ट झाली आहे. ज्यांच्या हाडांतील मगज बदलावा लागतो अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती काही काळ जवळजवळ नाहीशी होते. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात अशा रुग्णांच्या मळाची वरचेवर तपासणी करण्यात आली. ज्यांच्या रक्तात कँडिडा उतरली, त्यांच्या आतड्यांत ती आधीपासून बेसुमार वाढत चालली होती, असे २०२० साली दिसून आले. म्हणजे शत्रू चाल करण्यापूर्वी त्याची जमवाजमव दिसू शकते. २०२१ साली करोनाच्या साथीत आपल्याकडे ‘काळ्या बुरशी’ने हाहाकार उडविला, तो तुमच्या घरातील मोठ्यांना आठवत असेल. ती बुरशी पोटातील नव्हे. ती श्वासाबरोबर नाकात शिरते. पण तिनेही गाठले ते मुख्यतः मधुमेहाने व प्रखर औषधांनी ज्यांचे पहारे ढिले पडले होते त्यांनाच. पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील सर्वांत धोक्याच्या गटात आपली कँडिडा अल्बिकन्सही आहे.

यीस्टचा एक उपद्रव तर इतका चमत्कारिक आहे, की ऐकणाऱ्यास थट्टाच वाटावी. दारूला कधी न शिवलेला माणूस जेवणानंतर झिंगू लागतो, त्याची जीभ अडखळते, तोल जातो. घरचे लोक रागावतात, आणि तो शपथेवर सांगतो, की मी थेंबही घेतला नाही. तो खरेच बोलत असतो. त्याच्या आतड्यांत यीस्ट अतोनात माजलेले असते, आणि ते भात व साखर आंबवून पोटातच मद्यार्क तयार करते! जपानमधील डॉक्टरांनी गेल्या शतकातच अशा रुग्णांच्या नोंदी करून ठेवल्या आहेत. हा विकार अत्यंत विरळा आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. नाहीतर खऱ्या मद्यप्यांना आयतीच सबब मिळावयाची.

आणि शेवटी याच यीस्टची दुसरी बाजूही पाहावयास हवी. १९२० नंतरच्या दशकात आंरी बुलार नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ आग्नेय आशियातील इंडोचायना देशात गेला होता. तेथे पटकीची साथ चालू होती. काही लोक लिची व मँगोस्टीन या फळांच्या साली उकळून ते पाणी पीत, आणि त्यांची हगवण आटोक्यात राही, असे त्याला आढळले. त्या सालींवरून त्याने एक यीस्ट वेगळे काढले. आज त्याच्याच नावाने ओळखले जाणारे हे यीस्ट पुडीतून औषध म्हणून मिळते. प्रतिजैविक औषधांमुळे जुलाब होऊ नयेत यासाठी डॉक्टर ते देतात आणि बहुतेकांना ते सोसते. परंतु अत्यवस्थ रुग्णाच्या मोठ्या रक्तवाहिनीत नळी घातलेली असेल, तर डॉक्टर ते यीस्ट त्याला देत नाहीत. इतकेच नव्हे, तर त्याच्या खाटेजवळ ती पुडी फोडू नये, असेही परिचारिकांना बजावलेले असते. कारण पुडीतील धूळ उडून हाताला लागली, हातावरून नळीला लागली, तर तेच गुणकारी यीस्ट त्याच्या रक्तात उतरते.